पडद्यावरचं भास्करभाऊंचं नाव

देवपूरच्या भास्करभाऊंवर अन्याय झाला तो संक्रांतीच्या आदल्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, पारोळ्याकडच्या एका कापूस खरेदी केंद्रावर. त्यानंतर ते तीन वर्षं जगले, एवढंच. महिन्यापूर्वी मी जळगावला पत्रकं छापून घेत होतो, तेव्हा त्यांच्या बहिणीचा, अक्काचा, छापखान्यात फोन आला : "भाऊ गया." मला रडू आलं नाही. संताप आला.

भाऊ त्या केंद्रावर नोकरीला. तिथे मापासाठी गाड्यांचे नंबर लावणारा प्रोग्राम त्यांचा. त्याचा एक भाग फॉक्सप्रोत लिहिलेला, कुणीही उघडून वाचावा, बदलावा असा. दुसरा भाग म्हणजे लायब्ररी फाईल : सी भाषेत लिहून, कंपाइल करून टाकलेली. ती मशीनला कळते, माणसाला वाचता येत नाही. आधी आला त्याचा नंबर आधी, हा नियम तिच्यात. प्रोग्राम सुरू झाला की आधी ही फाईल लोड करायचा, मग पडद्यावर भाऊंचं नाव उमटायचं आणि यादी निघायची. "नियम असा बंद का ठेवला?" मी विचारलं होतं. "वाचता आला तर संचालकाचा मेहुणा रोज पहिला येईल," भाऊ हसले होते...

आणि तेच झालं. कुणीतरी त्याच नावाची दुसरी फाईल करवून तिच्या जागी ठेवली. प्रोग्राम नुसतं नाव बघायचा, फाईल कुणाची ते नाही. तपासणी भाऊंनी घातलीच नव्हती. "आपल्याच कचेरीत चोर शोधू का?" म्हणायचे. त्या सकाळी तीन दिवस थांबलेल्या बैलगाड्या मागे राहिल्या, कालचे ट्रॅक्टर पुढे गेले, आणि यादीच्या डोक्यावर नाव भाऊंचंच!

"भास्करभाऊ, तुना कम्प्युटर बी चिरीमिरी खास का रे?" रांगेतल्या एका आबांनी विचारलं, म्हणजे कम्प्युटरही लाच खातो का. लोक फिदीफिदी हसले.

"आबा, ती फाईल मनी नई शे."

ऐकतंय कोण! दुपारी भाऊंनाच काढून टाकलं.

मी पत्रकं काढली, अर्ज दिले. भाऊंनी खऱ्या फाईलची एक प्रत फ्लॉपीवर ठेवली होती; ती आणि केंद्रावरची, दोन्हींचे आकार वेगळे आहेत हे केंद्राच्या साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, "आत काय आहे ते वाचून दाखवा." काय वाचणार? माणसाला वाचता येईल असं भाऊंचं मूळ लिखाण केंद्राच्याच मशीनवर होतं, ते त्याच दुपारी पुसलं गेलं. भाऊ पुन्हा कधी मशीनसमोर बसले नाहीत. पारोळ्याच्या बाजारातही जाईनात...

परवा देवपूरला गेलो. खुंटीवर त्यांचा शर्ट तसाच, खिशात ती फ्लॉपी. अक्का शर्ट धूत नाही. "फ्लॉपी भिजी जाई ना," म्हणते. काढून ठेवायला तिचा हात होत नाही. त्या फ्लॉपीने आता काही सिद्ध होणार नाही, हे मला माहीत आहे.

पण त्या दिवशी ज्यांचे ट्रॅक्टर पुढे गेले, ते तुम्ही हे वाचत असाल. पुढे या असं कोणी सांगितलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. देवपूरला या, आणि त्या शर्टासमोर उभं राहून अक्काला ते नाव सांगा.