आण्णांचा चष्मा पानावर

फोनवर पुतण्या रडत म्हणाला, "काका, आण्णा गेले," आणि माझ्या तोंडून निघालं, "मग रविवारी ग्रंथ कोण वाचणार?" "तुम्हीच वाचा, काका," तो म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, काकांना धक्का बसलाय. धक्का बसला होताच. पण ते उत्तर ऐकायची वाट मी कितीतरी वर्षं बघत होतो, हेही खरं.

सुधाकरआण्णा माझे थोरले चुलतभाऊ. दोघंही निपाणीचे, दोघंही नोकरीपायी बेळगावात आलो. ते जवळच्या मच्छे गावातल्या कारखान्यात इंजिनिअर, मी बँकेत. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, दर रविवारी संध्याकाळी आमच्या विहारात धम्मग्रंथाचं वाचन होतं, आणि ते आण्णांकडे असायचं. माझा आवाज त्यांच्यापेक्षा चांगला, असं सगळेच म्हणतात... म्हणजे एकदा कुणीतरी म्हणालं होतं. ग्रंथ जसा लिहिलाय तसा वाचावा, पदरचं काही घालू नये आणि वर्षावास संपायच्या आत पुरा करावा, हे माझं मत. आण्णांचं अर्धं पान झालं की कुणाचा तरी हात वर व्हायचा, मागून एक कन्नड बाई "स्वल्प तडीरी" म्हणून थांबवायच्या, आणि आण्णा चष्मा काढून उघड्या पानावर ठेवायचे. चष्मा पानावर आला की वाचन थांबलं, वाद सुरू.

"आण्णा, ह्या गतीनं ग्रंथ पुरा व्हायला पुढचा जन्म लागंल," मी एकदा वैतागून म्हणालो.

"पुढचा जन्म हाय का न्हाय, ते पान अजून यायचंय रं दिल्या. तवर बस."

सगळे हसले. माझी बायकोसुद्धा.

एका वर्षी गृहत्यागाचं प्रकरण आलं. आमच्या ग्रंथात सिद्धार्थ रात्री गुपचूप निघून जात नाही; यशोधरेशी बोलून, निरोप घेऊन जातो. निदान हे पान तरी विनातक्रार पार पडेल असं वाटत होतं, तोच बायकांच्या बाजूनं आवाज आला, "तिला इचारलं हुतं, का नुस्तं सांगितलं हुतं?" आवाज ओळखीचा होता. आमच्या लताचा! सदलग्याची ही बाई लग्न झाल्यापासून मला 'भाजी कुठली करू' यापलीकडे काही विचारत नव्हती. मी घाईनं म्हणालो, "लिहिलंय तेवढंच बघायचं." आण्णांनी चष्मा काढला. "थांब रं. लई मोठा प्रश्न हाय. बोल गं लता, तुला काय वाटतं?" आणि ती बोलली. पुढच्या रविवारीही बोलली. शेवटी आण्णा म्हणाले, "मला वाटत हुतं, हे पान मला कळलंय. आता पुन्यांदा वाचतो." परतताना ती स्कूटरवर मागे बसून आण्णांचं कौतुक करत होती आणि मी उगाच हॉर्न वाजवत होतो. लोक भावाच्या पगारावर जळतात, बंगल्यावर जळतात. मी जळत होतो तो त्यांना लोक मध्येच अडवतात म्हणून. मला कधी कुणी अडवलं नाही.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात एकेक जण उठून बोलला. आण्णांची उत्तरं कुणालाच आठवत नव्हती. प्रत्येकजण आपण त्यांना काय विचारलं होतं तेच सांगत होता. माणूस गेला तरी मला जळवायचा थांबला नव्हता.

मग तो रविवार आला. वहिनींनी ग्रंथ आणून दिला. आण्णा शेवटचे थांबले होते त्या पानात त्यांचा चष्मा तसाच होता. मी तो हळूच बाजूला ठेवला आणि वाचलं. कुठं अडखळलो नाही, एक अख्खं प्रकरण संपवलं. मान वर केली तर लोक सतरंज्या गुंडाळत होते. आण्णांच्या वेळी दारात चपला घालतानाही भांडणं चालायची; त्या दिवशी नुसता चपलांचा आवाज. चष्मा परत जागेवर ठेवावा म्हटलं, तर ते पान काही सापडेना... मग मी थांबलो होतो तिथंच ठेवला.

घरी लतानं चहा दिला आणि समोर बसली. मीच विचारलं, "कसं झालं वाचन?"

"चांगलं झालं की," ती म्हणाली. "मधी एक इचारायचं हुतं मला. पण तुम्ही पान उलटलंसा."