संघपाल डेंटरची मिउरा

आमच्या शहराच्या नावावरून चौकाचौकात वाद चालू होते, तेव्हा मुकुंदवाडीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन माणसं भलत्याच वादावरून एकमेकांवर डाफरत होती. इटलीची सगळ्यात देखणी गाडी कोणती?

दोघांपैकी कुणी इटली तर सोडाच, विमानतळसुद्धा आतून बघितलेलं नव्हतं.

शेड दोघांच्या भागीत. संघपाल डेंटर, म्हणजे ठोकलेल्या गाडीचा चेपलेला पत्रा हातोडीनं परत जागेवर आणणारा. बद्रीनाथ पेंटर, फुलंब्रीकडच्या शेतकऱ्याच्या घरातला, संघपालनं सरळ केलेल्या पत्र्यावर रंग मारणारा. एक काळा, ठेंगणा, मनगटानं जाड. दुसरा उंच, कायम डोक्याला रुमाल, आणि नखांत कुठला ना कुठला रंग. आमच्या संघटनेचं ऑफिस शेजारच्याच गाळ्यात, म्हणून माझं तिथं उठणंबसणं.

पहिल्यांदा हा वाद कानावर आला तेव्हा माझं टाळकंच सरकलं. मी म्हणालो, "अरे, गल्लीत ड्रेनेज तुंबलंय, नळाला आठवड्यानं पाणी येतंय, आणि तुम्ही श्रीमंतांच्या गाड्यांची आरती करताय?"

संघपालनं हातोडी थांबवली नाही. "नेते, पाण्याच्या मोर्चाला आम्ही येतो का नाय? पुढं उभे राहतो, काठ्या खातो. मग देखण्या वस्तूकडं बघायला परमिशन कुणाची घ्यायची? का ते बी त्यांच्याच बापाचं हाय?"

 त्या दिवशी मी चहा मागवला.

संघपालचा जीव मिउरावर. साठच्या दशकातली लॅम्बोर्गिनी, जमिनीला चिकटून बसलेली, नाक लांब, दिव्यांभोवती काळ्या पापण्या. बद्रीनाथची काउंटाच. तीही लॅम्बोर्गिनीच, पण नंतरची, कागद घडी घालून केल्यासारखी, सगळ्या धारा, आणि दारं वर आभाळाकडं उघडणारी. म्हणजे एकाच घरातल्या थोरली-धाकटीवरून हे दोघं भांडत होते.

"बद्री, तुझी काउंटाच म्हणजे पत्र्याची पेटी. घडी मशीनवर घाल, दुपारपर्यंत वाकवून देतो."

"आन तुझी मिउरा म्हणजे उन्हात ठेवलेला गूळ."

"वितळलेली नाय रे, वाहती हाय. हे बघ." संघपाल मोबाईलवर फोटो मोठा करायचा. "छपरावर लाईट पडली की मागच्या चाकापर्यंत कुठं तुटत नाय. लाईट तुटली की पत्रा खोटा."

"धार काढायला छाती लागते. आन ट्रॅक्टर बनवणाऱ्या माणसाची कंपनी हाय ती. शेतकऱ्याचा माल तुला कळतो का मला?"

मधूनच बद्रीनाथ नव्या गाड्यांवर जायचा. पगानी नावाच्या इटलीच्याच गाडीचे आरसे पानासारखे देठावर बसवलेत, हे तो स्वतःच्या नातवाचं कौतुक सांगावं तसं सांगायचा. संघपाल म्हणायचा, "एवढं सामान चढवलंय, नवरीचा चेहरा कुठं हाय तेच सापडत नाय."

मला एक गंमत दिसायची. गोल पत्रा ठोकणं डेंटरचा जीव खातं; संघपालला गोल आवडायचं. धारेवर रंग थांबत नाही, दोन्हीकडं पळतो. बद्रीनाथला धारा आवडायच्या. ज्याला जे छळायचं त्याच्याच तो प्रेमात.

मलाही विचारलं. मी म्हणालो, डिनो. कंपनी फेरारीची, पण त्या गाडीला कंपनीनं स्वतःच्या घराण्याचा बिल्ला लावला नव्हता, तरी ती घराण्यातल्या भल्याभल्यांपेक्षा देखणी. दोघंही खोखो हसले. "नेत्याला गाडीत बी आंदोलनच दिसतं!" हसा म्हणालो. माझं मत आजही तेच आहे.

हे सगळं चहाबरोबर वाहून गेलं असतं. पण संघपालच्या पोरीचं, मेघाचं लग्न ठरलं.

मेघा शेंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात कामाला. पोरगी धीट, बोलायला तिखट. मुलगा बुद्धभूषण, पैठणचा, आयटीआयमध्ये शिकवणारा, ताडमाड उंच. ठरलं असं, की लग्न लागल्यावर नवरा-नवरीनं हॉलपासून चौकातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापर्यंत वाजतगाजत जायचं, हार घालायचा आणि तिथूनच पैठणच्या बसमध्ये बसायचं. सजवलेली गाडी भाड्यानं मिळते. संघपाल म्हणाला, भाड्याची नको. मी बनवतो.

शेडच्या मागं एक जुनी पद्मिनी सडत पडली होती, इंजिन कधीच काढून विकलेलं. "ही बी मूळ इटलीचीच, फियाटची," संघपाल म्हणाला. "हिच्या तळावर मिउराचं अंग चढवतो. इंजिन कशाला पाहिजे? वरातीत माणसं चालतात, गाडी ढकलू."

मी विचारलं, एवढा खटाटोप कशासाठी? पोरगी तर काही मागत नाही.

तेव्हा तो जे बोलला ते मी अजून विसरलो नाही. पत्रा हातात धरून, माझ्याकडं न बघता म्हणाला, "डेंटरचं काम चांगलं झालं की दिसतच नाय, नेते. मालक बोट फिरवतो आन म्हणतो, वा, काय झालंच नव्हतं वाटतं. सगळा जन्म मी 'काय झालंच नव्हतं' बनवलं. एकदा मला काहीतरी झालेलं बनवायचंय. लोकांनी बघावं, का हा संघपालच्या हातचा पत्रा."

आता वाद खरा पेटला. बद्रीनाथचं म्हणणं, पोरगी माझ्याबी अंगाखांद्यावर वाढलीय, रंग मी मारणार, तर आकारात माझं ऐकायला नको? लग्नाची वरात म्हणजे लांबून दिसली पाहिजे, दारं वर उघडली की पब्लिक येडं होईल. संघपाल म्हणाला, पोरगी माझी. बद्रीनाथ म्हणाला, मग रंगबी तूच मार. कंप्रेसर बंद करून तो फुलंब्रीला निघून गेला.

मेघानं बद्रीनाथला परत बोलावून दोघांना समोर बसवलं. "मला विचारलं का कुणी? मला ती नवी फेरारी आवडते, रोमा. नवी हाय, पण ओरडत नाय."

दोघंही एकदम म्हणाले, "ती?" आणि या एका शब्दावर त्यांची दिलजमाई झाली. रोमाला नावं ठेवताना त्यांचं इतकं जमलं, की बद्रीनाथनं सरळ कबूल केलं, "बनव तुझी मिउरा. पण दिव्यांच्या पापण्या मी रंगवणार." मेघा हसत राहिली. मला तर वाटतं तिनं रोमाचं नाव मुद्दामच काढलं.

रंगावरून मात्र वाद झालाच नाही. निळा. आमच्या शहरात रंगावरून वाद न होणं हीच केवढी गोष्ट.

मग त्या शेडमध्ये जे चाललं ते बघायला गल्ली लोटायची. सळ्यांचा सांगाडा, त्यावर पत्र्याचे तुकडे, वाळूच्या पोत्यावर ठेवून लाकडी हातोड्यानं ठोकत ठोकत फुगवलेले. संघपालची बायको येऊन ऐकवून जायची, "बाकीचे बाप पत्रिका वाटतात, आमचे पत्रा ठोकतात." छपरावर तर त्यानं किती वेळा वेल्ड तोडून परत लावलं असेल. ट्यूबलाईट हातात धरून तो गाडीभोवती फिरायचा, पत्र्यातलं प्रतिबिंब कुठं मोडतं ते शोधायचा, आणि जिथं मोडेल तिथं परत ठोकायचा. शेवटी एक दिवस ट्यूबची ती पांढरी रेघ काचेच्या वरून निघाली आणि न अडखळता शेपटापर्यंत उतरली. संघपाल खाली बसला. बद्रीनाथनं पुढं होऊन छपरावर तळवा फिरवला. "मानलं," एवढंच म्हणाला. काउंटाचवाल्याच्या तोंडून हा शब्द म्हणजे मोठं प्रमाणपत्र होतं.

निळा रंग चढला, दिव्यांभोवती काळ्या पापण्या रंगवल्या. लग्नाच्या आधीच्या रविवारी बुद्धभूषण आणि त्याची आई मनकर्णाबाई फेट्याचं माप द्यायला आले होते, ते गाडी बघायला शेडवर आले. मनकर्णाबाई म्हणजे पैठणकडच्या गावात दुसऱ्याच्या रानात राबून पोराला शिकवलेली बाई. पांढरं पातळ, आवाज खणखणीत.

"बसून बघा जावईबापू," संघपाल म्हणाला. त्यानं दार उघडून धरलं.

बुद्धभूषणच्या डोक्यावर नमुन्याचा बांधलेला फेटा होता, वर तुरा. त्यानं आधी पाय घातले, मग कंबर, मग डोकं आत घ्यायला गेला, आणि तुरा छपराला अडला. वाकला. आणखी वाकला. आत बसला तेव्हा फेटा भुवयांवर आलेला आणि हनुवटी छातीला टेकलेली. गल्लीतली पोरं फिदीफिदी हसली.

कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. माप संघपालनं स्वतः बसून घेतलं होतं, तो ठेंगणा आणि उघड्या डोक्याचा. इतकी वर्षं फोटो बघून वाद घातला, माझ्यासकट, पण त्या फोटोंत माणूसच नसतो. गाडी एकटी उभी असते. फेटेवाला तर इटलीत कुणाच्या स्वप्नातही आला नसेल.

बद्रीनाथ लगेच पुढं झाला. "काय नाय, काय नाय. फेटेवाल्याला बसका बांधायला सांगू. तुरा काढू. थोडी मान खाली घातली तर पुतळ्यापर्यंत जाणं हाय, किती लांब हाय?"

"मान खाली घालायची नाय," मनकर्णाबाई म्हणाल्या.

आवाज चढवला नाही त्यांनी. "माझा सासरा पाटलाच्या दारावरनं जाताना पागोटं काढून हातात घ्यायचा. नवरदेव असताना बी काढलं होतं. माझं पोरगं बाबासाहेबांच्या पुढं चाललंय, त्याच्या लग्नात, फेटा बांधून. ते वाकून बसणार नाय. गाडी लई चांगली हाय, इवाई. आम्ही पायी जाऊ."

बद्रीनाथचा चेहरा पडला. त्याच्या घराण्यातही पाटीलकी होती, हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं. तो डोक्याचा रुमाल सोडून परत बांधत राहिला.

माझ्या ओठांवर भाषण आलं होतं. कुणाच्या बाजूनं, ते मलाच ठरेना. बाई बोलली ते शंभर टक्के खरं. आणि त्या छपरात एका माणसाचा सगळा जन्म वाकवून बसवलेला, तेही मी बघितलं होतं. मेघा बापाकडं बघत होती. म्हणाली, "पप्पा, आम्ही चालत जातो. गाडी पुढं ढकलू, मोकळी. लोक बघतील की."

संघपालनं नकारार्थी मान हलवली. "मोकळी गाडी फोटोत असते."

त्यानं खडू घेतला. काचेच्या कडेपासून छपराच्या मागच्या खांबापर्यंत रेघ मारली, दोन्ही बाजूंनी. त्याला काय करायचंय ते सगळ्यांआधी बद्रीनाथच्या ध्यानात आलं आणि त्यानं पत्रा कापायच्या ग्राइंडरची वायरच खेचली. "येडा झाला का रे? दुसरं काय बी काप, ते छप्पर नको. परत होणार नाय तुझ्याच्यानं."

"माहितीय."

"संघ्या, मी हात जोडतो."

"वायर लाव. आन खालून धर. पडलं तर चेपंल."

बद्रीनाथ आत शिरला, दोन्ही तळवे छपराला लावून वाकून उभा राहिला. ठिणग्या त्याच्या रुमालावर पडत होत्या. संघपालनं कुठंही न थांबता कापलं. छप्पर सुटलं तसं दोघांनी ते लेकरासारखं उचललं आणि भिंतीशी, फाटक्या गोधडीवर टेकवलं. मनकर्णाबाई सगळं बघत होत्या. पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "मी असं म्हणलं नव्हतं, इवाई."

"तुम्ही बरोबर म्हणलं," संघपाल म्हणाला. "आमचंच माप चुकलं."

उरलेल्या दिवसांत त्यानं कापलेली कड आत वळवून ठोकली, तारेवर गुंडाळून, लुगड्याला काठ शिवावा तशी. बद्रीनाथनं परत रंग मारला. त्या कडेवर रंग थांबेना, म्हणून पुन्हा पुन्हा मारला.

वरात निघाली. हलगी, निळे झेंडे, आणि त्या गर्दीच्या मधोमध ती बसकी निळी गाडी, दहा-बारा जणांच्या हातांनी ढकलली जाणारी. मागच्या पत्र्यावर उंच बसलेले दोघं, बुद्धभूषणचा तुरा वाऱ्यावर, मेघा हसून गल्लीला हात करतेय. वळणावर ट्रॅफिकवाल्यानं शिट्टी मारली. "नंबर प्लेट कुठंय?"

मी पुढं झालो. "साहेब, इंजिन नाय हिला. हातगाड्याला नंबर असतो का?"

त्यानं बॉनेटच्या फटीतून आत डोकावून बघितलं, खरंच रिकामं. मग बाजूला झाला आणि खिशातून मोबाईल काढून फोटो घेतला.

लोक बाल्कनीतून विचारत होते, कुठली गाडी, कुठून आणली. बद्रीनाथ घसा फोडून सांगत होता, "संघपालनं बनवली! आमच्या संघपालनं!" संघपाल स्वतः गाडीला लागून चालत होता. एक हात त्या वळवलेल्या कडेवर ठेवलेला, सारखा फिरवत, कुठं धार राहिली का, पोरीचा शालू फाटेल का, ते बघत. पुतळ्यापर्यंत त्यानं तो हात काढला नाही.

हार घालून झाले. बस उभी होती. मनकर्णाबाई संघपालजवळ आल्या, गाडीकडं बघून समाधानानं म्हणाल्या, "आता कशी छान दिसती. छपराविना माणसं दिसली."

संघपाल दमलेला, डोळे लाल. पण तिथंही मागं हटला नाही.

"माणसं दिसली, ते खरं हाय, विहीणबाई," तो म्हणाला. "पण देखणी ती छपरासकटच होती. तुम्हाला शेडवर नेऊन दाखवतो, छप्पर हाय अजून."

मागून बद्रीनाथ म्हणाला, "काउंटाच असती तर..."

"तू गप," संघपाल म्हणाला, आणि मेघाची पेटी उचलून बसकडं निघाला.