शिट्टी मारणारा सायलेन्सर

संप सुरू झाला त्या दिवशी भाऊजी डबा न उघडता घरी आले. डबा ओट्यावर ठेवला, हात धुतले आणि ताईला म्हणाले, "साचे थांबले." त्यानंतर ते गिरणीत गेले नाहीत.

भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, जाऊन आता काही आठवडे झाले. लालबागच्या त्यांच्या खोलीत भेटायला येणारा प्रत्येकजण संपाविषयी बोलतो. ते बोलणं खोटं नाही. पण मला त्या काळापेक्षा जास्त आठवते ती दादरच्या किनाऱ्यावरची एक सकाळ, जेव्हा भाऊजी आनंदाने इतक्या मोठ्याने ओरडले होते की सरकारी यंत्रसुद्धा दचकलं.

ते साचेखात्यात, म्हणजे गिरणीतल्या मागांच्या खात्यात, फिटर होते. तिथे शेकडो साचे एकाच वेळी धडधडत, म्हणून माणसं हातांनी बोलत. दोन बोटं जुळवून झटकन वेगळी केली की धागा तुटला. तळहात मागावरच्या धोट्यासारखा इकडून तिकडे हलवला की साचा चालू. ही भाषा भाऊजींनी घरी आणली. ताई गॅलरीतून खाली उभ्या असलेल्या नवऱ्याला कोथिंबीर आणायची खूण करी आणि तो कोथिंबीरच आणी. कॉलेजसाठी मी त्यांच्याकडे राहिले तेव्हा तीही शिकले. साचेखात्यातून भाऊजींनी आणखी एक गोष्ट घरी आणली होती, आपला आवाज. पुढे मी दादरच्या एका ग्रंथालयात नोकरीला लागले. कधी ते मला न्यायला येत, दारात उभे राहून अगदी हळू बोलल्यासारखा चेहरा करत आणि म्हणत, "सुमे, चल गो!" वर्तमानपत्रांच्या टेबलावरची सगळी डोकी वर होत. आपण कुजबुजलो अशीच त्यांची समजूत असे. त्यांना कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही ते बोलत नसे... स्वतः भाऊजीही नाहीत.

संपानंतर त्यांनी मिक्सर दुरुस्त केले, पंखे दुरुस्त केले, पाण्याचे पंप उघडले. कामं मिळत, पण त्यांत त्यांचा जीव नव्हता. दुरुस्त झालेला मिक्सर परत देताना ते त्याच्याकडे बघतही नसत. मग बऱ्याच वर्षांनी हरी नाखवा आला. कोळीवाड्यातला हा माणूस त्यांचा जुना दोस्त, मासेमारीच्या मोटारबोटीचा मालक. त्याची बोट जिथून निघे तिथे किनाऱ्याला लागूनच एक प्रसूतिगृह होतं. आवाजाचे नियम आले होते, तक्रार झाली होती. बोटीचा आवाज मर्यादेत आणा, नाहीतर बोट इथून हलवा, असं त्याला सांगण्यात आलं होतं. बोट लांबच्या बंदरात गेली असती तर त्याच्या बायकोला, जनाबाईला, सकाळच्या बाजाराला ताजी मासळी मिळाली नसती, आणि घर त्या टोपलीवरच चालत होतं.

"अख्खं साचेखातं ऐकलंय मी," भाऊजी म्हणाले, "ह्या एका इंजिनाचं काय सांगतोस!"

आणि ते पेटलेच. इंजिनाचा धूर एका सरळ पाइपातून बाहेर पडे आणि प्रत्येक ठोका तसाच्या तसा किनाऱ्यावर आदळे. भाऊजींनी भोकं पाडलेली एक नळी घेतली, तिच्याभोवती मोठं नळकांडं बसवलं, मधल्या जागेत लोखंडी तारेचा कीस ठासला. आवाज भोकांतून किसात शिरेल आणि तिथेच जिरेल, असा हिशेब. पुढे पाइपाचं तोंड खाली पाण्याकडे वळवलं. जेवताना ते ताटातल्या भातात बोटाने नळी काढून दाखवत. ताई म्हणायची, "आधी तो भात गिळा, मग बोट चालवा." खूप वर्षांनी ती त्यांच्यावर खोटं खोटं चिडत होती.

पहिल्या चाचणीला निम्मा कोळीवाडा जमला. भाऊजींनी पान्याचं एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं दातात धरलं. त्यांची ऐकण्याची रीत ती. इंजिन सुरू झालं. धडधड खरोखरच गेली होती! भाऊजींनी पान्याचं टोक तोंडातून काढलं आणि दोन्ही हात पसरून गर्दीकडे वळले. "ऐकलंत? काय येतंय काय ऐकू?"

येत होतं. नळकांड्यातून एक बारीक, तीक्ष्ण शिट्टी निघत होती, कानात सुई घातल्यासारखी. कुत्री भुंकायला लागली. पोरांनी कान दाबले. जनाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाय माझे, ही होरी हाय का कुकर?" सगळे हसले. भाऊजीही हसले, कारण त्यांना वाटलं लोक खूश झालेत.

हरी नाखव्याने माझ्याकडे पाहिलं. मी तिथून बोलले असते तर सगळ्यांसमोर ओरडावं लागलं असतं. मी हात वर केला, दोन बोटं जुळवली आणि झटकन वेगळी केली. धागा तुटला.

भाऊजींचं हसू थांबलं. इंजिन बंद करून ते वाळूतून माझ्यापाशी आले. "कुठं?"

"वर," मी म्हटलं. "अगदी बारीक. शिट्टी."

ते समुद्राकडे वळले. "ती मला ऐकू येत नाय, सुमे," ते म्हणाले. त्या वेळी मात्र ते खरंच हळू बोलले होते... आणि पुढच्याच क्षणी मान वर करून, "मग तुझे कान घेऊन ये उद्या. रविवार आहे ना?"

तो आणि पुढचे रविवार मी आयुष्यात विसरणार नाही. पुस्तकांखेरीज कशालाही हात न लावलेली मी नाखव्याच्या बोटीत लाकडी फळीवर बसे आणि शिट्टी आली की बोटांनी धागा तोडून दाखवी. भाऊजी नळी काढत, न्याहाळत, पुन्हा बसवत. शेवटी त्यांनी भोकांच्या कडांवरून अंगठा फिरवला आणि अंगठा कापला. रक्त बघून ते नाचायलाच लागले! कडा धारदार राहिल्या होत्या, धूर त्यांवर घासून शिट्टी मारत होता. त्यांनी नळी आणि नळकांडं दोन्ही नव्याने केली, नळीच्या प्रत्येक भोकाची कड कानशीने घासून गोल केली. ती बसवल्यावर इंजिन सुरू झालं आणि मी ऐकत राहिले, ऐकत राहिले. धागा तोडायची वेळ आलीच नाही.

सरकारी चाचणीला एक तरुण साहेब हातात मोजणीचं यंत्र घेऊन आले. बोट किनाऱ्यासमोरून गेली, आली. साहेबांनी आकडा वाचून काहीतरी म्हटलं. बोटीवर उभ्या असलेल्या भाऊजींनी साहेबांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी तळहात धोट्यासारखा हलवला. साचा चालू.

"चालू झाला रे!" ते गरजले. साहेबांच्या हातातल्या यंत्रावरचा आकडा मर्यादेच्या पार वर उडाला.

"हा आवाज कुणाच्या नावावर लिहू?" साहेबांनी विचारलं.

"गिरणीच्या," जनाबाई म्हणाली.

परळच्या हॉस्पिटलात शेवटच्या भेटीत भाऊजींना काहीच ऐकू येत नव्हतं. कुणाशी बोलायलाही ते तयार नव्हते. मला पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. मी तळहात हलवला, इकडून तिकडे. ते डोळे मिटून हसले.

हरी नाखव्याची बोट अजून तिथूनच निघते. तो शिट्टी मारणारा पहिला सायलेन्सर ताईच्या दारामागे उभा केलेला आहे. त्यात दोन छत्र्या आहेत.