घर जावानं शे

हिलाल नाना एस.टी.चे ड्रायव्हर. धुळे आगारात एकतीस वर्षं काढली, त्यातली बावीस धुळे–जळगाव या एकाच रस्त्यावर. बढाई मारायची सवय नाही. पण विनाअपघात सेवेचा बिल्ला मात्र देवांच्या शेजारी टांगलेला, आणि पाहुणा आला की नाना त्याला नेमका बिल्ल्यासमोरच्या खुर्चीत बसवायचे. पाटीवर लिहिलंय तिथं जायचं, पाटी फिरवायची आणि परत यायचं, एवढाच त्यांचा प्रवास. डांबर सोडून खाली चाक उतरवलं म्हणून त्यांनी कितीतरी नव्या ड्रायव्हरांना झापलेलं. तोच माणूस सासष्टाव्या वर्षी डांबर संपतं तिथून पुढं जाणारी गाडी करून घ्यायला निघाला, तेव्हा कॉलनीतली माणसं म्हणाली, नानांना म्हातारचळ लागला.

लोकांचं काय, लोक बोलतातच. कारण घरात होतं.

नानांच्या बायकोची, पुष्पाबाईंची आठवण तीन वर्षांपासून झिरपत चालली होती. आधी भाजीत मीठ दोनदा पडायचं, मग गॅस चालू राहायला लागला, मग पुण्याला असलेल्या मुलाचं, स्वप्नीलचं नाव गेलं. नवऱ्याचं नाव गेलं की राहिलं, हे कळायला मार्ग नव्हता, कारण ते त्यांनी कधी घेतलेलंच नव्हतं. लग्नात धुळ्याच्या उंबरठ्यावर बायांनी अडवलं तेव्हा उखाण्यात एकदा घेतलं, तेवढंच. त्यानंतर एक्केचाळीस वर्षं समोर 'आयका ना' आणि लोकांपाशी 'आमना'. आता रोज दिवेलागणीला त्या दोन लुगडी पिशवीत भरायच्या, दाराशी उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "माले घर जावानं शे."

"तू घरमाच शे ना, पुष्पा."

"हाई नई. मनं घर."

बाईमाणसाचं 'मनं घर' म्हणजे माहेर, यात नानांना तिळमात्र शंका नव्हती. पंचाईत अशी की पुष्पाबाईंचं माहेर धरणात गेलेलं. भाऊही वारले. पण मे महिन्यात पाणी ओसरलं की जुन्या गावातला मारुतीचा ओटा आणि विहिरीचा काठ उघडा पडायचा. तिथवर रस्ता नाही. डांबर संपल्यावर सहा किलोमीटर नुसता गाळ, दगड आणि वेडी बाभूळ. स्वप्नील फोनवर म्हणाला, ट्रॅक्टर सांगा. पण पुष्पाबाईंचा खुबा एकदा मोडलेला, ते हादरे त्यांना सोसले नसते. आणि परक्याच्या गाडीत बसवलं की त्या किंचाळायच्या. म्हणून गाडी आपलीच हवी होती, आणि याच मे महिन्यात हवी होती. पुढच्या वर्षी पाणी पुन्हा उतरेल, पण घर ओळखणारी पुष्पा उरलेली असेल का, याची नानांना धास्ती होती.

त्यांनी जुनी छोटी गाडी घेतली, कारपेक्षा उंच आणि जीपपेक्षा ठेंगणी. जाहिरातीत ती डोंगर चढते. खरी ती गतिरोधकालाही पोट घासते. ती घेऊन नाना जळगावात मेहरूणला नूर महंमद मिस्त्रीकडे गेले. ओळख एस.टी.च्या काळातली, दोघांच्याही दाढ्या काळ्या असतानाची.

मिस्त्री गाडीखाली सरपटत गेला आणि तिथूनच बोलला, "नाना, हिची पुढचीच दोन चाकं ओढतात. चिखलात हिचा भरवसा नको."

"मना भरवसा शे ना?"

"तुमचा आहे म्हणून तर हात घालतो."

महिनाभर काम चाललं. मिस्त्रीनं स्प्रिंगांवर गुटके बसवून गाडी दोन इंच उचलली, इंजिनाखाली जाड पत्रा ठोकला, खोल खाचांचे टायर चढवले. टपावर कॅरिअर, त्यावर फावडं, दोर आणि रुतलं तर चाकाखाली घालायला भोकाभोकांच्या दोन फळ्या. गाळात शिरायच्या आधी चाकांची हवा निम्मी करा, चाक पसरतं, रुतत नाही, असं त्यानं सांगितलं तेव्हा नाना जवळजवळ भांडलेच. रोज पहाटे चाकं ठोकून हवा तपासणारा माणूस तो! मागची अर्धी सीट पाडून आडवं होण्यापुरती फळी केली, तिच्याखाली संडासाची झाकणाची खुर्ची बसवली. त्या खुर्चीचं माप नानांनी दुसरीकडं बघत सांगितलं. मिस्त्रीनं मान खाली घालून माप लिहून घेतलं.

सगळं झालं. मिस्त्रीची बायको जमीला चहा घेऊन बाहेर आली, गाडीकडं बघून म्हणाली, "भाभी चढणार कशी?"

सगळी मापं घेतली होती, पुष्पाबाईंच्या गुडघ्याचं तेवढं राहिलं होतं. गाडी वर गेली आणि बाई खालीच राहिली. मग मिस्त्रीनं भंगार बाजार पालथा घातला आणि एका मोडीत निघालेल्या एस.टी.च्या दारातली ठिपक्यांच्या पत्र्याची पायरी नि धरायचा उभा दांडा आणून मागच्या दाराशी बसवला.

गाडी धुळ्याला आली. पुष्पाबाईंनी पायरीकडं पाहिलं, डाव्या हातानं दांडा धरला, लुगडं सावरलं आणि सराईतासारख्या चढून ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या. नवऱ्याच्या बसमध्ये त्यांची हीच जागा असायची. नानांनी रस्त्यातूनच मिस्त्रीला फोन लावला. "बठनी! नूरभाई, बठनी!" ते एवढंच ओरडत राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं निघाले. वाटेत धूळ फार, चांगले कपडे कशाला खराब करा, म्हणून नानांनी ड्युटीवरचा जुना खाकी सदरा चढवला. तिथंच घोळ झाला, पण तेव्हा ते कुणाला कळावं!

डांबर संपलं. नानांनी कुरकुरत चाकांची हवा निम्मी केली. वरून भेगाळलेला गाळ आतून ओला होता. दोनदा गाडी रुतली, दोनदा नानांनी गुडघ्यावर बसून फळ्या सरकवल्या. बिल्ला मिळवणारा माणूस नवशिक्यासारखा घामाघूम झाला. पण दहाच्या सुमाराला गाडी मारुतीच्या ओट्याशी उभी राहिली. शेंदूर केव्हाच धुऊन गेलेला. पलीकडं विहिरीचा काठ, आणि चौथऱ्यांच्या ओळी.

नानांनी मागचं दार उघडलं. "पुष्पा, देख. तुनं घर."

पुष्पाबाईंनी बाहेर पाहिलं, मग पिशवी छातीशी घट्ट धरली.

"डायवरभाऊ, गाडी आठे कसाले थांबाडी? आठे तं कोनीच नई शे."

नानांनी स्वतःच्या खाकी सदऱ्याकडं पाहिलं, मग त्या पायरीकडं.

"मंग कोठे जावानं शे, बाई?"

"धुयाले. मनं घर शे तठे. आमना डुटीवरतीन येतीन, दार बंद देखीसन घाबरतीन. आमना बी डायवर शेतस."

इतके दिवस ती धुळ्याच्याच घराचं सांगत होती. घर म्हणजे माहेर, हे नानांनीच ठरवलं होतं. नको विचारायला, असं मन म्हणत असतानाही त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नाव काय त्यास्नं?"

पुष्पाबाई लाजल्या. पदर डोक्यावर ओढला आणि खाली बघत, एकही शब्द न अडखळता म्हणाल्या,

"धुया-जयगाव रस्तावर बाभूयनी सावली,
हिलालरावना नावनी टिकली मी लावली."

एक्केचाळीस वर्षांपूर्वीचा उंबरठ्यावरचा तोच उखाणा. तेव्हा तो नानांसाठी होता. आज तो नानांसमोर त्यांनी परक्याला सांगितला.

"बठा, बाई," नाना म्हणाले. "घरच जाऊत."

डांबराला लागल्यावर चाकांत पुन्हा हवा भरायची होती. गाडीच्या बॅटरीवरचा पंप लावला की केवढा तरी आवाज होतो. त्या आवाजात नाना चाकाआड बसून मोकळेपणी रडले. चारही चाकं भरून झाली तरी त्यांनी पंप बंद केला नाही.

धुळ्याला पोचल्यावर पुष्पाबाई दांडा धरून उतरल्या. कुलूप ड्रायव्हरनं कसं उघडलं, हे त्यांनी विचारलं नाही. नाना मागच्या दारानं गेले, खाकी सदरा काढला, हातपाय धुतले, पांढरा सदरा घातला आणि एकतीस वर्षं ड्युटीवरून यायचे तसे पुढच्या दारातून आत आले. थोडी आशा होती, खोटं कशाला बोला.

पुष्पाबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. खुर्ची पुढं ओढली, नेमकी बिल्ल्यासमोरची, आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"बठा, भाऊ. आमना येतीन इतलामा."

नाना बसले. पुष्पाबाई दाराकडं बघत उभ्या राहिल्या, आणि जरा वेळानं नानाही दाराकडं बघायला लागले.