इंजिनेरचं पाणी

समोरच्याचं बोलणं पुरे झालं असं वाटलं की आमचे वालमनभाऊ उजवा हात पुढे धरत आणि मनगट उजवीकडे दोनदा फिरवत. झाला वाल बंद. मग समोर सरपंच असो, जावई असो की मी, पुढचं एक अक्षर त्यांच्या कानात शिरत नसे. सोबत एकच शब्द यायचा, "पुरे."

असा माणूस तुमच्याही गावात असेल. टाकीचं पाणी कोणत्या गल्लीला कधी सोडायचं आणि कधी तोडायचं, हे ज्याच्या हातात असतं तो. कागदावर शिपायाच्याही खाली, गल्लीत मात्र कलेक्टरच्या वर. आमचं गाव वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजापासून जवळच. तिथे या गृहस्थांनी वीस वर्षं आम्हाला दिवसाला चाळीस मिनिटं पाणी दिलं. एक्केचाळिसावं मिनिट आमच्या गावानं कधी पाहिलं नाही. एका लग्नघरी हळदीचा नवरदेव अंगाला साबण लावून उभा आणि नळ गेला. त्याचा मामा पळत टाकीवर पोचला.

"हळद हाय हे कालपासून मालूम होतं ना? मंग ड्रम काहून नाही भरला?" भाऊंनी विचारलं आणि मनगट फिरवलं. नवरदेव तसाच, पिवळा आणि फेसाळलेला, टॉवेल गुंडाळून हापशीवर गेला.

मी गावातली अंगणवाडी सेविका. माझी अंगणवाडी आणि त्यांचं घर समोरासमोर, मधे फक्त गल्ली. त्यामुळे मी सांगते ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तिखट तेवढं माझं.

भाऊंची बायको वारली होती, मुलगी धनजला दिली होती. घरात ते आणि इंजिनेर. इंजिनेर म्हणजे कुत्रा. नव्या पाइपलाइनची नाली खोदून ठेवली होती आणि ती तपासायला तालुक्याचे इंजिनिअर यायचे होते. तीन दिवस झाले, साहेबांचा पत्ता नाही. चौथ्या दिवशी सकाळी नालीत पाहिलं तर एक तांबडं पिल्लू कुंईकुंई करत होतं. "ज्याची वाट पाह्यली तो नाही आला, हा आला," भाऊ म्हणाले. "आता हाच इंजिनेर."

आणि खरं सांगायचं तर साहेबापेक्षा तो कामाचा निघाला. उन्हाळ्यात गावभर हिंडून तो थंड, ओलसर जागा शोधायचा आणि पोट टेकून पडायचा. तो पडला तिथे कुदळ मारली की खाली पाइप फुटलेला सापडे. लोक म्हणत, पगार वालमनला आणि डोकं कुत्र्याचं. भाऊ हे ऐकून मिशीत हसत. त्यांना हसू आणणारी दुसरी कुठली गोष्ट माझ्या तरी ध्यानात नाही.

चौदा वर्षांचा झाला तेव्हा इंजिनेर एकाएकी खूप पाणी प्यायला लागला. घमेलं ठेवलं की रिकामं. आणि जेवढं पी तेवढं ओसरीवर मुते. वीस वर्षं आमच्या सवयी सुधारणाऱ्या माणसाला याचा अर्थ लगेच कळला.

"जास्त पानी भेटलं का कोनीबी बिघडते," त्यांनी मला समजावलं. "मानूस बी अन् कुत्रा बी."

झालं. इंजिनेरचं पाणी बांधलं गेलं. सकाळी एक मग, संध्याकाळी एक मग. मी अंगणवाडीच्या दाराशी खिचडीचं पातेलं धुतलं की तो गल्ली ओलांडून यायचा आणि ओली फरशी चाटत राहायचा. मी भाऊंना हाक मारून विचारलं, "काहो भाऊ, इंजिनेरचाही टायमिंग बांधला काय?" नळावरच्या बाया खदखदून हसल्या. मीही हसले. माझ्या ड्रमात पाणी होतं, पण एक तांब्या त्याच्यापुढे ओतावा हे मला काही सुचलं नाही. तीन आठवडे हे असं चाललं. मग त्यानं भाकर सोडली, ओकाऱ्या काढायला लागला, तोंडाला घाण वास यायला लागला.

त्याला वाशीमच्या एका डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. त्याच दिवशी माझी तिथे मीटिंग होती, म्हणून मी त्यांच्याच ऑटोत बसले. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि विचारलं, "पाणी किती पितो?"

"मोजून देतो," भाऊ छाती काढून म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काका, याच्या दोन्ही किडन्या गेल्यात. अशा कुत्र्याच्या अंगात पाणी टिकत नाही. जास्त प्यायचा म्हणून मुतत नव्हता तो. सगळं मुतून जायचं म्हणून पीत होता. याचं पाणी तोडायचं नव्हतं."

हे बरं होणारं दुखणं नाही, फार तर काही महिने, हेही त्यांनी सांगितलं. भाऊंचा उजवा हात वर आला. मला वाटलं, आता मनगट फिरणार आणि डॉक्टरही बंद होणार. पण हात तसाच गुडघ्यावर परत गेला. येताना वाटेतल्या मालेगावच्या अलीकडे त्यांनी ऑटो थांबवला, बिसलेरीची बाटली घेतली, ओंजळीत ओतून त्याला पाजली आणि सांडलेलं पाणी तसंच सीटवर राहू दिलं.

यापुढचे भाऊ म्हणजे गावाला तमाशाच झाला. ओसरीवर एक, अंगणात एक आणि टाकीखाली एक अशी तीन घमेली मांडली गेली. दिवसातून तीनदा पाणी बदलायचं. कालपर्यंत आमच्या घागरीतून सांडलेल्या चार थेंबांवर भाषण देणारा माणूस घमेलंभर चांगलं पाणी झाडाला ओतायचा, कारण त्यात माशी पडली होती. कुत्र्याला मटण बंद, हाडूक बंद, मीठ बंद. मऊ भात आणि उकडलेला भोपळा. धुळवडीला आमच्याकडे घरोघर मटण शिजतं. आदल्या दिवशीच पाण्याच्या व्हाट्सअप ग्रुपवर मेसेज आला: "इंजिनेरले हाडूक टाकनाऱ्याच्या गल्लीचे पाणी आठ दिवस बंद." त्या धुळवडीला गावातले बाकीचे कुत्रेसुद्धा उपाशी राहिले. कोण धोका पत्करेल?

एका दिवसाआड त्याच्या कातडीखाली सलाइन द्यावं लागे. ते डॉक्टरांनी शिकवलं होतं. कॅलेंडरच्या खिळ्याला बाटली टांगायची, मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई घालायची आणि नळीवरचं छोटं चाक फिरवून धार ठरवायची. हे चाक भाऊंना फार आवडलं. "एवढुसा वाल हाय, पन काम तेच," ते मला दाखवत. लोखंडी किल्लीला लोंबकळून टाकीचा वाल फिरवणारा माणूस अंगठ्याच्या टोकानं ते चाक केसभर इकडे, केसभर तिकडे करत बसायचा. "प्रेशर ज्यादा झालं तं दुखते त्याले." मग कातडीखाली पाण्याचा गोळा यायचा आणि तो जिरेपर्यंत भाऊ त्यावर हात ठेवून बसायचे.

डॉक्टरांना दर आठवड्याला वजन हवं असे आणि काटा माझ्याकडे. अंगणवाडीत लेकरं गेली की भाऊ कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहत. दोघांचं मिळून येईल त्यातून भाऊंचे अठ्ठावन्न वजा करायचे. आकडा दर आठवड्याला उतरायचा आणि ते माझ्या काट्याला नावं ठेवायचे. एकदा मी चिडून म्हटलं, "कुत्रं खाली ठेवा अन् एकटे उभे राहा बरं." एकटे उभे राहिले. त्रेपन्न. पाच किलो यांचंच उतरलं होतं आणि आम्ही ते इंजिनेरच्या नावावर टाकत होतो. मी त्यांना म्हटलं, माझ्या रजिस्टरमध्ये तुमचं नाव कुपोषितांत लिहायला लागेल.

"म्हंजे त्याचं नाही उतरलं?" एवढंच त्यांनी विचारलं आणि ते इतके खूश झाले की मी रजिस्टर मिटून ठेवलं.

पण आमच्या चाळीस मिनिटांत या प्रेमानं एका मिनिटाची भर पडली नाही, हेही सांगते. एप्रिलात टाकी अर्ध्यावर आली. एके दिवशी अंगणवाडीच्या नळाला पाणी पोचायच्या आतच वेळ संपला. खिचडी शिजायची होती. मी टाकीवर गेले आणि दहा मिनिटं मागितली. चार बाया उभ्या होत्या. भाऊंनी हात पुढे धरला आणि मनगट फिरवलं. पायाशी इंजिनेरचं घमेलं काठोकाठ भरलेलं.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "कुत्र्याले पानी तोडून मरनाले टेकवलं. आता लेकराइचं तोडा!"

कोणी हसलं नाही. भाऊंनी किल्ली वालाला परत लावली आणि पाणी सोडलं. खिचडी झाली. लेकरं जेवली. मी मात्र माफी मागितली नाही. ते पाणी पहिल्याच मागण्यावर सोडायला हवं होतं, असं मी स्वतःला बजावत राहिले.

पुढच्या वजनाच्या दिवशी ते कुत्र्याला घेऊन काट्यावर उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, त्या दिवशी तुमी म्हनलं ते रागात म्हनलं का खरं म्हनलं?"

मी म्हणायला हवं होतं की किडन्या आधीच गेल्या होत्या. मी म्हणायला हवं होतं की फरशी चाटताना मीही पाहिलं होतं. मी म्हटलं, "हलू नका, आकडा हलून राह्यला."

मे महिन्यातली सकाळ. भाऊंनी नेहमीसारखा गल्लीचा वाल सोडला आणि सलाइन लावायला घरी आले. चाळीस मिनिटांत ते काम व्हायचं. मी ड्रम भरत होते. "बाई, जरा या," त्यांनी हाक मारली. वीस वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा बोलावलं.

इंजिनेर पोत्यावर पडला होता, डोकं भाऊंच्या पावलावर. श्वास लांब लांब येत होता. एक आला, त्यानंतर बराच वेळ आलाच नाही. मग कळलं की आता येणार नाही. बाटली अजून अर्धी होती आणि थेंब पडतच होते. मी चाक बंद करायला हात पुढे केला. भाऊंनी माझं मनगट धरलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "जाऊ द्या त्याले जेवढं जाते तेवढं."

आम्ही दोघं बसून राहिलो आणि बाटली संपेपर्यंत बघत राहिलो.

बाहेर चाळीस मिनिटं उलटली, तासही उलटला, आणि नळ चालूच. "अवो बाप्पा, आज पानी जाऊनच नाही राह्यलं!" कोणीतरी ओरडलं. गल्लीला सण आला. बायांनी गोधड्या धुतल्या, पायऱ्या धुतल्या, एकीनं तर घराची भिंत धुतली. मग एकजण भाऊंना चिडवायला दारापर्यंत आली. आत पाहून तशीच मागे फिरली आणि घरी जाऊन तिनं आपला नळ बंद केला. हळूहळू एकेक घर बंद झालं. सार्वजनिक नळाला मात्र तोटी नव्हती. तो वाहत राहिला. वालाची किल्ली भाऊंच्या भिंतीला टेकून होती, पण तिला हात लावायची कोणाची छाती झाली नाही. टाकी कोरडी पडली तेव्हाच पाणी थांबलं.

दुसऱ्या दिवशी गावाला पाणी आलं नाही. आमच्याकडे दहा मिनिटं उशीर झाला की ग्रुपवर शिव्यांचे मेसेज पडतात. त्या दिवशी एकही पडला नाही. बायांनी घागरी उचलल्या आणि गुपचूप हापशीवर गेल्या. भाऊ टाकीखाली खड्डा खणत होते, इंजिनेर उन्हाळ्यात जिथे पोट टेकायचा त्याच ओल्या जागेत.

आठ दिवसांनी मुलगी त्यांना धनजला न्यायला आली. किल्ली त्यांनी ग्रामपंचायतीत देऊन टाकली होती. आता नवा माणूस आहे, पाणी कधी तासभर येतं, कधी येत नाही, आणि कोणी कोणाला सवयी शिकवत नाही. मी ऑटोपाशी गेले. वाक्य घरूनच जुळवून नेलं होतं.

"भाऊ, त्या दिवशी मी बोलले ते खरं नव्हतं. त्याच्या किडन्या—"

भाऊंनी उजवा हात पुढे धरला आणि मनगट उजवीकडे दोनदा फिरवलं. "पुरे," हळूच म्हणाले.

वीस वर्षांच्या सवयीनं मी गप्प झाले. ऑटो निघून गेला. त्या एका दिवशी तरी मी गप्प व्हायला नको होतं.