जावेचा डबा

हृदयात स्टेंट बसवून घरी निघाले तेव्हा दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी मला एक वही दिली. म्हणाल्या, "रोज तीन गोष्टी लिहा, ज्यांचे आभार मानावेसे वाटतात. हृदयाला बरं असतं ते."

मी लिहायला लागले. ऊन. गोळ्या. आमचे हे.

आमचे हे! दरदरून घाम फुटला, जबडा आवळला, तेव्हा यांनी "पित्त असंल, पड जरा" म्हणून मला सोडा पाजला होता. पलीकडच्या ओटीवर धाकटी जाऊ तांदूळ पाखडत होती. घराची वाटणी झाल्यापासून दोन वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. तिने माझं तोंड पाहिलं, सूप तिथेच टाकलं आणि धावत जाऊन रस्त्यावरची जीप थांबवली. किन्हवलीपासून शहापूरपर्यंत माझं डोकं तिच्या मांडीवर होतं. वहीत तिचं नाव मात्र मी एकदाही लिहिलं नाही.

घरी आल्यावर महिनाभर तिने रोज मऊ पेज पाठवली, स्टीलच्या डब्यात, यांच्या हाती. शेवटचा डबा माझ्याकडेच राहिला. आमच्यात घरच्या माणसाचे तोंडाने आभार मानत नाहीत आणि आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. मूठभर तांदूळ, चिमूटभर साखर, काहीतरी घालायचं, तेच आभार. घालून द्यावं तर मी नमले असं होणार, रिकामा द्यावा तर तिचा अपमान. म्हणून घासूनपुसून फळीवर ठेवला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच म्हणत असावेत.

तपासणीला गेले की बाई वही वाचायच्या. एकदा विचारलं, "तुम्हाला दवाखान्यात कोणी आणलं होतं?"

"होती एक शेजारीण," मी म्हणाले. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मग एके सकाळी जाऊ दारात उभी राहिली. तिच्या मुलाला मुरबाडला नोकरी लागली होती, सगळे तिकडे निघाले होते. अंगणात टेम्पो भरत होता.

"ताई, माझा डबा द्या. भांडी बांधतोय आमी."

मी फळीवरून डबा काढला, घाईघाईने तांदळाच्या पिंपाचं झाकण उघडलं आणि मूठ भरली.

"काय घालू नका त्यात," ती दारातूनच म्हणाली. "रिकामाच द्या."

मी मूठ सोडली. तिने डबा घेतला, झाकण लावलं आणि गेली.

त्या दिवशी वहीत तीनही ओळींवर मी तिचंच नाव लिहिलं. पुढच्या तपासणीला बाईंनी ते पान वाचलं, खूश झाल्या.

"छान," म्हणाल्या. "आता जमायला लागलं तुम्हाला."