दोंडाईच्याला अडकलेला प्रोग्राम

माझी पहिली नोकरी जळगावात, एका बियाण्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होती. मालक बहुतेक वेळ गिऱ्हाइकांकडे फिरतीवर असायचे. त्यामुळे ऑफिसात उरायचो आम्ही दोघीच, मी आणि आपा. आपा जळगावातल्याच मेहरूणच्या, माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. त्यांचे वडील शिंपीकाम करायचे. लग्नानंतर, मुलगी शाळेत जायला लागल्यावर त्यांनी प्रोग्रामिंगचा कोर्स केला होता. मी रावेरकडची, केळीवाल्यांच्या घरातली. माझ्या बोलण्यातला गावाकडचा हेल ऐकून त्या हसायच्या आणि डबा मात्र रोज माझ्यापुढे सरकवायच्या.

आम्ही दोंडाईच्याच्या एका जिनिंगसाठी, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यासाठी, प्रोग्राम केला होता. कापसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढला की वजन आपोआप संगणकात यायचं आणि पावती निघायची. पण अधूनमधून प्रोग्राम जागच्या जागी गोठायचा. संगणक बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागायची. ऑफिसात आम्ही कितीही चालवून पाहिला तरी तो गोठला नाही. शेवटी आम्ही दोघी सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत बसलो.

आपांनी एक हूक लावायचं ठरवलं होतं. आम्ही ज्या भाषेत लिहायचो तिच्यातला प्रोग्राम एक व्हर्च्युअल मशीन चालवायचं, म्हणजे आमचं लिखाण वाचून एकेक ओळ अमलात आणणारा आणखी एक प्रोग्राम. त्याला सांगून ठेवता यायचं, की प्रत्येक ओळ चालवण्याआधी क्षणभर थांब आणि आमचं हे छोटं फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा प्रोग्रामचा तुकडा, बोलाव. त्या फंक्शनने ओळीचा नंबर पडद्यावर लिहायचा, एवढंच. आपा नंबर वाचायच्या आणि मी छापून आणलेल्या कागदावर त्या ओळीवर बोट ठेवायचे. खिडकीतून कापसाचे तंतू उडत यायचे, आपांच्या ओढणीवर बसायचे. मला त्या कामाची गोडीच लागली. आपण लिहिलेलं कसं चालतं, हे मी प्रथमच डोळ्यांनी पाहत होते.

पण त्या दिवशी प्रोग्राम एकदाही गोठला नाही. संध्याकाळी हूक काढून आम्ही निघालो, तर अमळनेर यायच्या आत फोन आला, पुन्हा बंद पडलं. जिनिंगचं कामकाज पाहणारे नाना म्हणाले, "तुम्ही आठे शेतस तधळ बठ्ठं बेस शे. तुम्ही गयात का बंद." म्हणजे आम्ही तिथे असलो की सगळं ठीक, आम्ही गेलो की बंद.

मालकांनी तोडगा काढला, की हूक तसाच राहू द्या, पावतीला थोडा उशीर लागला तरी चालेल. आपांनी फोनवर सांगून नानांकडून हूक परत लावून घेतला, पण त्यांचं समाधान झालं नाही. "का चालतंय ते कळल्याशिवाय मी हे सोडणार नाही," त्या म्हणाल्या.

दोनचार दिवस मी मशीनची माहितीपुस्तिका चाळत होते. तिच्यात सापडलं, की प्रत्येक ओळीला थांबायची गरज नाही. मशीन फंक्शनमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना एवढ्यापुरताही हूक लावता येतो. आपांच्या लगेच लक्षात आलं, की आपला पहिला हूकच प्रोग्रामला हळू करत होता, आणि हळू चालताना तो गोठत नव्हता. आम्ही हलका हूक लिहिला. पडद्यावर काही न लिहिता तो सगळं नुसतं साठवून ठेवायचा.

पुन्हा दोंडाईचा. दुपारी, एक ट्रॅक्टर काट्यावर असतानाच पडदा गोठला. साठवलेल्या नोंदींच्या तळाशी पाहिलं, तर वजन वाचणाऱ्या फंक्शनमध्ये मशीन शिरलं होतं, बाहेर आलंच नव्हतं. आपांनी माझा हात घट्ट धरला आणि आम्ही दोघी हसायला लागलो.

खिडकीशी ट्रॅक्टरवाला शेतकरी उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "बहीण, आम्ही सकायपाईन उभा शेतस, आन् तुम्ही हासतस?"

मला एकदम ओशाळं वाटलं. आपा मात्र उठून बाहेर गेल्या. आधी त्याची माफी मागितली, मग सांगितलं, की प्रोग्राम जिथे अडतो ती जागा आत्ता सापडली, म्हणून हसू आलं. त्याला आत बोलावून त्यांनी स्वतःची खुर्ची दिली आणि उभ्यानेच काम सुरू केलं.

दोष साधा निघाला. काट्याकडून आकडा तुकड्यातुकड्यांनी यायचा. आमचा प्रोग्राम इतक्या घाईने वाचायचा, की कधीकधी त्याच्या हाती अर्धाच आकडा लागायचा. तो अर्धा टाकून देऊन तो पूर्ण आकड्याची वाट पाहत बसायचा, आणि काटा तर आपलं सांगून मोकळा झालेला असायचा. मिळालेला तुकडा जपून ठेवायचा आणि उरलेला आला की त्याला जोडायचा, एवढाच बदल आपांनी केला. मग हूक काढला. पहिली पावती त्याच शेतकऱ्याची निघाली. ती त्याने उलटसुलट पाहिली, घडी करून खिशात ठेवली आणि ट्रॅक्टर चालू केला. अंधार पडेपर्यंत आम्ही थांबलो. प्रोग्राम चालत राहिला. नानांनी आम्हाला स्टेशनवर सोडायला स्वतःची गाडी दिली.

पुढे मी पुण्याला गेले. ते ऑफिस बंद झालं, आपा धुळ्याला एका कॉलेजात शिकवायला लागल्या. आता माझ्या संगणकावर असे हूक मला हाताने लावावे लागत नाहीत. एक बटण दाबलं की प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबतो आणि मी एकटीच त्याच्याकडे बघत बसते. काम पटकन होतं. पण शेजारी कुणी मोठ्याने वाचत नाही, चुकीच्या ओळीवर बोट ठेवलं म्हणून कुणी टोकत नाही.

गेल्या सुट्टीत आपा माहेरी आल्या होत्या, म्हणून भेटायला गेले. मेहरूणच्या तलावाकाठी आम्ही खूप वेळ चाललो. त्यांचे गुडघे दुखतात, मध्येमध्ये बसावं लागलं. वर्गातल्या मुलींना त्या अजून कागदावर प्रोग्राम चालवून दाखवायला लावतात, असं सांगत होत्या. मुली कंटाळतात म्हणे. "एखादी नाही कंटाळत," त्या म्हणाल्या, आणि तिच्याबद्दल घरी पोहोचेपर्यंत बोलत राहिल्या.